उलटा लिलाव

सोलरून, तू सोफ्यावर पालथी पडून वाचतेयस
कुठल्याशा शहरातल्या पोरक्या मुलाची जाडजूड कादंबरी.
तीनशेव्या पानावर नाक ओढतेस
आणि न बघताच बशीतलं बिस्किट चाचपतेस.
वाच. मी मध्ये बोलत नाही.
पान मात्र दुमडू नकोस.

मी अकराची होते, ब्यार्टमार सहाचा.
बाप होडीसकट गेला, आई त्यानंतर खोकून खोकून.
चर्चमागच्या खोलीत गावकी बसली
आणि आमचा लिलाव झाला, उलटा:
सांभाळायचे जो सगळ्यांत कमी मागेल, पोर त्याचं.
वीस. अठरा. पंधरा.
दाराशी उभी राहून ऐकत होते मी
स्वतःला स्वस्त होताना.
बारा क्रोनरला मी गेले रान्वेगच्या घरी.
ब्यार्टमार नवाला, नदीपलीकडे,
कारण ‘हा खातो कमी’ असं कुणीतरी ओरडलं.
तो कमी खात नव्हता गं.
त्याला मागायची लाज वाटायची.

रान्वेगच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला.
हिवाळ्यात दुपारीच रात्र व्हायची,
सगळं घर एका खोलीत, आपापल्या खाटेवर, लोकर पिंजत,
मधोमध माशाच्या तेलाचा दिवा, उजेडापेक्षा वास जास्त.
मला अक्षरं येत होती,
म्हणून माझ्या हातातली लोकर काढून पुस्तक दिलं.

त्यातही एक पोरका मुलगा होता.
तळघर होतं, पट्टा घेऊन फिरणारा मालक होता,
आणि फुटपाथ होता. फुटपाथ म्हणजे काय,
ते त्या खोऱ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.
मी सांगून टाकलं: दगडी वाट, जिच्यावर मेंढ्या नसतात.
मुलगा पावसात उपाशी झोपला
त्या रात्री रान्वेग ढसाढसा रडली.
‘काय काळजाची माणसं असतात शहरात!’
मग पदराला नाही, लोकरीलाच डोळे पुसून म्हणाली,
‘दिवा मालव. पहाटे झऱ्यावरचा बर्फ फोडायचाय तुला.’
माझी खाट दाराशी, पिंपांजवळ.
मासा शेपटीकडचा. लोणी रविवारी.

नवव्या प्रकरणात मी लबाडी केली.
आवाज न बदलता त्या मुलाला
एक धाकटा भाऊ देऊन टाकला,
नदीपलीकडे राहणारा, मागायला लाजणारा.
माझ्या पाठीमागे गडी बसायचा, थोर्गिल्स.
त्याला वाचता यायचं, पान त्याला दिसत होतं.
त्याच्या हातातली फणी थांबली.
मग पुन्हा लोकरीतून फिरू लागली.

शेवटी छापल्याप्रमाणे मामा आला,
सोन्याचं घड्याळ, मृत्युपत्र, उबदार बिछाना, सगळं घेऊन.
खाटाखाटांवरून सुस्कारे.
रान्वेग मात्र पुढे सरकली:
‘आणि धाकटा? त्याचं काय झालं?’
मी पान उलटलं. कोरं होतं.
‘पुस्तकात दिलेलं नाही,’ म्हणाले.
त्या हिवाळ्यात मी वाचलेलं
तेवढंच खरं.

महिन्याभरानं नदी पायाखाली टणक झाली,
थोर्गिल्स पलीकडे निघाला.
त्याच्या पोत्यात रान्वेगनं चाचपडत घातलं
लोण्याचं बोटभर जाड ढेकूळ
आणि दोन-दोन अंगठ्यांचे हातमोजे, कोळी घालतात तसले.
त्या मापाचा हात आमच्या घरात कुणाचाच नव्हता.
माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. पाहून दिसलंही नसतं.
तिच्याकडे मला बारालाच ठेवलं पुढची पाच वर्षं,
आणि बर्फ मीच फोडला.

थोर्गिल्स म्हणाला, पोरानं विचारलं,
दुसरा अंगठा कुणासाठी?
एक बाजू झिजली की मोजा फिरवून घालायला, यानं सांगितलं.
ब्यार्टमार मला पुन्हा भेटला
तेव्हा त्याला मिशा होत्या,
आणि तो मला ‘बाई’ म्हणाला.

तुझ्या त्या मुलाचं होईल बरं, रडू नकोस.
अजून चाळीस पानं आहेत,
मामाला यायला तेवढी पुरतात.
बिस्किटं संपली असतील
तर डबा वरच्या फळीवर आहे.
हात पोचत नसेल तर माग.
माग की गं.