तिसरा

चर्चच्या तळघरात हीटर खोकतोय.
बाहेर मिसुरी नदी अजून ठरवतेय, गोठायचं की नाही.
मिसेस ओबरहाउस चावी देऊन गेली, बजावून गेली:
पेन नको, कॉफी नको, बोट ओलं करून पान उलटायचं नाही.
माझ्या बोटाची खोड तिला कशी कळली कोण जाणे.

समोर सासूबाई, कोटाची बटणं न काढता.
व्हेल्मा, माहेरची श्ट्रुकहोफ. वय शहाऐंशी.
नजरेच्या मधोमध धुरकट डाग,
दिसतं ते कडेकडेचं.
"तू वाच," म्हणतात.

जर्मन मला बेताचंच. अक्षर लागतं, तेही अडखळत;
दोन हिवाळे त्यासाठी वर्ग केला.
इथे 'ई' दिसतो 'एन'सारखा, 'यू'च्या डोक्यावर आकडा,
आणि ओळभर हात उचललेलाच नाही.
कराडच्या कचेरीत बाबा मोडी वाचायचे.
म्हणायचे, आधी मजकूर नाही, आधी हात ओळखावा:
लिहिणारा घाईत होता, की उपाशी, की नुसता कंटाळलेला.

हा पास्टर थंडीत होता.
जानेवारीची शाई फिकट, पाणी घालून पुरवलेली.

अठराशे सदुसष्ट. हाइनरिश.
बाप विल्हेल्म, आई आना मारिया इल्साबाइन,
ओस्नाब्रुककडची, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांची.
"सापडले आजोबा," मी म्हटलं.
"कडेला काय आहे ते?" सासूबाई म्हणाल्या. "फुलीसारखं."
समासात क्रूस. माझ्या नजरेतून निसटलेला.
अकरा दिवस.

पुढच्या वर्षी पुन्हा हाइनरिश.
वाटलं, पान मागे उलटलं गेलं.
तेच बाप, तीच आई. क्रूस. दोन वर्षं, घटसर्प.

एकाहत्तर साली हाइनरिश.
समास कोरा.

बराच वेळ हीटरच बोलत होता.
मग त्या म्हणाल्या, "आजोबा हाक मारली की वळायचे नाहीत.
एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा 'काय' म्हणायचे.
आम्ही हसायचो. बहिरे म्हणायचो."

दुसरी वही. एकोणीसशे अठरा.
नवा पास्टर, तसाच वाहता हात,
आणि ऑक्टोबरच्या एका रविवारपासून अचानक इंग्रजी,
प्रत्येक अक्षरानंतर हात उचलून,
पहिलीतल्या पोराने गिरवावं तसं.
धाकट्या लेकीचा बाप्तिस्मा. बापाचं नाव: हेन्री.
त्या साली गावात कोणी कोणाला काय म्हटलं
याला वहीत रकाना नाही.

"माझं बोट ठेव," सासूबाई म्हणाल्या.
मी तिसऱ्याचं पान काढू लागले.
"त्याच्यावर नको. त्याला मी पाहिलंय.
अकरा दिवसांच्यावर ठेव."

ठेवलं. कोरडं होतं,
जरासं थरथरत.
वर जिन्यात मिसेस ओबरहाउसचे बूट वाजले,
तेव्हा कुठे त्यांनी कोटाचं पहिलं बटण काढलं.