मापवही

तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडे
तीन पंखे, एक बाथटब आणि कुणाच्या तरी दवाखान्याची पाटी
यांच्या मागे ती शिलाई मशीन उभी होती,
चाकावर गंज, फळीवर चहाच्या कपांचे गोल.
इस्माईलभाईंनी आठशे सांगितले.
मी म्हटलं, पट्टा तुटलाय.
ते म्हणाले, पट्टा चाळीसला मिळतो, ताई. मशीन मिळत नाही.
साडेपाचशेला जमलं.
टेम्पोवाल्याने तीनशे घेतले, वर तिसऱ्या मजल्याचे पन्नास.
स्वस्ताईचा हिशेब असाच असतो,
मी तो कुणाला पूर्ण सांगत नाही.

कोपरखैरणेचं हे घर सिडकोचं,
म्हणजे खिळा ठोकला
की खिळा वाकतो, नाहीतर भिंत हातात येते.
स्वयंपाकघराच्या छताला ओलीचा डाग आहे.
चार वर्षांपूर्वी बशीएवढा होता,
आता जवळजवळ श्रीलंका.
वरचे घरतकाका म्हणतात, आमच्याकडे तर कोरडं आहे.
मी खरवडलं, भरलं, रंगाचे दोन हात दिले.
डाग आठ दिवस दबून बसला,
मग बाजूने हसत बाहेर आला.
नळाचा वायसर मात्र मीच बदलला.
हार्डवेअरवाला गाला म्हणाला होता, प्लंबर पाठवू का?
म्हटलं, पाना दे.

मशीनचा खण अडकला होता.
कडेला मेणबत्ती घासली, सुरीने उचकटला.
आत खडू, हुकांची पुडी,
दाताने टोक काढलेली शिसपेन्सिल
आणि अर्धी फाटलेली वही.

म्हात्रे हिरूबाई, घणसोली. ब्लाऊज चार. दंड तेरा.
दंड तेराच. पुन्हा मोजला.
ठाकूर चंद्रप्रभा. मागचा गळा नऊ.
सासू आली तर सात सांगणे.
जोशीबाई, शाळेच्या. उंची पंधरा. पैसे बाकी.
जोशीबाई. पैसे बाकी.
जोशीबाई. असू दे.
भोईर वैजयंती. कंबर चोवीस.
दोन पानांनंतर, वैजयंती. कंबर सव्वीस, सैल ठेवणे.
मग, वैजयंती. कंबर नको.
झबली तीन, पिवळी.

शिवणारीचं नाव कुठेच नाही.
तिचं मापही नाही.
स्वतःची पाठ मोजायला
टेपचं दुसरं टोक कोण धरणार?

बॉबिनवर तिचाच धागा होता, मोरपंखी, अर्धा.
तो तसाच ठेवला.
तेल सोडलं, सुई बदलली, पट्टा चढवला
आणि जुन्या चादरीचा पडदा शिवायला घेतला,
फडताळावर लावायला, डागाखालचे डबे झाकतील म्हणून.
वरून माझा पांढरा, खालून तिचा मोरपंखी.
तिसऱ्या झटक्याला मशीन चालली
आणि खालच्या मजल्यावरून कांबळेवहिनी ओरडल्या,
गिरणी घातलीस काय गं?

साडेचार हात टीप पडली. मग नुसतीच भोकं.
मोरपंखी रीळ वाशीला मिळालं असतं,
दुपारी उन्हातून कोण जाणार.
पांढरा भरला.
पडद्याची उलटी बाजू भिंतीकडे आहे,
दिसत नाही. मला माहीत आहे.

संध्याकाळी वहिनी गिरणी बघायला आल्या.
त्यांच्या हातात टेप दिली,
भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.
नीट उभी राहा गं, त्या म्हणाल्या,
एक खांदा खाली आहे तुझा. पिशव्या उचलून उचलून.
मी वहीत लिहिलं, खांदा चौदा. डावा उतरता.

मग त्यांनी हात वर केले.
आता घेतेच आहेस तर माझंही घे.
कांबळेवहिनी. दंड बारा.
बाही कोपरापर्यंत, अस्तर जुनंच चालेल.
पैसे बाकी.