शेवटच्या फेरीनंतर

शेवटची फेरी दिवाडीला टेकते
अकराला पाच कमी असताना.
दोराचे खुंट्याला तीन वेढे, रॅम्पची साखळी,
दोन स्कूटर, एक दारूडा,
त्याची सायकल त्याला धरून.
मग मी एकटा,
आणि पहिल्याच वळणावर एफ्रेम मिनेझिसचा बलकांव.
थांबतो. थांबावंच लागतं.

दिवसा तिथं काही नसतं.
नारळाच्या सोडणाला तारेनं बांधलेली
पेन्सिलीसारखी जाड, लोंबती पानं,
पाच बारीक हिरवट पाकळ्या, आणि मध्ये
विड्याच्या पानाच्या घाटाची एकच पांढरी.
पणजीहून कॉलेजची एक मुलगी आली होती,
भर उन्हात अकराला.
म्हणाली, हे ऑर्किड, ब्रासाव्होला.
फुलाला नाक लावून वहीत लिहिलं:
गंध – नाही.
मी म्हटलं, बाय, वाजले अकराच,
पण चुकीचे अकरा.

एफ्रेम तारवटी. एकोणीस वर्षं जहाजावर बटाटे सोलले.
तिकडं कॅरिबियनच्या कुठल्याशा बंदरात
सिगारेटच्या दोन पाकिटांना घेतलं हे रोप,
ओल्या मोज्यात गुंडाळलं,
भटारखान्यात कांद्यांच्या गोणीमागं लपवून आणलं.
बंदराचं नाव दरवेळी वेगळं सांगतो.

वास कसा विचाराल, तर
सुरंगीचा नव्हे, मोगऱ्याचा तर नव्हेच.
लिंबाची साल नखानं टोचावी
आणि त्याच वेळी पलीकडच्या खोलीत
कुणी न्हालेले केस मोकळे सोडावेत,
असा काहीतरी. मला नीट सांगता येत नाही.
आणि सांगावं तर रोज लागतं.

कारण दोन वर्षांमागच्या तापात
एफ्रेमचं नाक गेलं.
भाजलेला बांगडा, फेणी, इगर्जीतला धूप,
सगळं पाण्यासारखं.
अंधारात सोप्यावर बसून तो विचारतो,
"आयलो रे, शाणू?"
"आयलो."
"खंय मेरेन?"
मी म्हणतो, कुंपणापर्यंत. किंवा, पिंपळापर्यंत.
एकदा वारा पडला होता, तेव्हा म्हटलं, धक्क्यापर्यंत,
तर तो उठून उभाच राहिला.

त्यानंच सांगितलं, हा वास माणसांसाठी नाही.
तिकडं एक पतंग असतो लांब सोंडेचा,
रात्रीचा पांढरं शोधत फिरणारा. त्याला ही हाक.
इथं तो नाही.
आपले पतंग येतात, बल्बवर आपटतात, जातात.
बावीस वर्षांत एक शेंग धरली नाही.
"तरी वेळार सोडटा," एफ्रेम म्हणतो. "ड्युटी."

गेल्या आठवड्यात पाय भरून आले होते,
नाकात इंजिनाचं तेल.
त्यानं विचारलं. मी चालता चालताच म्हटलं,
"आयलो, पिंपळापर्यंत."
तो गप्प. मग काडी ओढली,
उजेड सोडणाजवळ नेला.
नुसती पानं.
"निमाणें फूल आयतारा गळ्ळें, शाणू."

रागावला नव्हता. काडी विझेपर्यंत धरली,
मग सरकून सोप्यावर जागा केली.
बसलो. खाली खारफुटीत ओहोटी लागली होती,
गाळात बुडबुडे फुटत होते.
"चिखलाचा वास कसो आसा?"
मी पहिल्यांदाच
नीट हुंगून पाहिला.