मागची फळी

मिलवॉकी, जानेवारीतला दुसरा सोमवार.
हंगाम काल संपला, दहा गुणांनी.
कोच क्राउटहॅमरला संध्याकाळपर्यंत हवाय
मागच्या फळीचा अहवाल:
कोण ठेवायचा, कोण सोडायचा,
कुणाच्या गुडघ्यावर किती पैसे लावायचे.

तळघरातल्या खोलीत मी आणि टेप.
वर पार्किंगमध्ये बर्फ खरवडणारी गाडी
एकच ओळ पुन्हा पुन्हा पुसते आहे.

माझं काम सोपं. माणसं थांबवायची,
पुढे न्यायची, मागे आणायची.
कॉर्नरचं अवघड:
समोरचा सुसाट येणार
आणि यानं त्याच्याकडे तोंड करून
मागे मागे पळायचं.
कुठे जायचंय ते त्याला ठाऊक, याला नाही.
आमच्याकडे उलट्या पावलांनी हडळ चालते;
इथे त्याच चालीचे करार होतात, चार-चार वर्षांचे.

लिहिते.
टेव्हिन प्रूएट, तेवीस. पाय वाऱ्याचे,
डोळे मात्र चेंडूवर भाळलेले.
कुणी नुसता खांदा उडवला की हा निघाला वरातीला.
ठेवा. शिकेल. नाही शिकला तरी स्वस्त आहे.
हॉलोवेल: ओल्या मैदानात बरा, कोरड्यात घसरतो,
का, ते मला सतरा सामन्यांत कळलं नाही.
सेफ्टी इओसेफा लेआवासा: सगळ्यांच्या मागे,
घराच्या शेवटच्या कडीसारखा.
धडक अशी, की मुक्या टेपवरही ऐकू येते.
करार वाढवा. लगेच.

आणि डेझमंड ओगल्सबी.
एकतीस. डावा गुडघा दोनदा उघडलेला.
नावापुढचे रकाने जवळजवळ कोरे.
अडवलेले चेंडू तीन, झेललेला एक.
पण टेप बघावी तर
समोरचा क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला एकदा बघतो
आणि नजर काढून घेतो,
उधारी थकलेल्या दुकानावरून जाताना काढतात तशी.
न फेकलेल्या चेंडूला आमच्याकडे रकाना नाही.

मग तो अकरावा आठवडा.
बासष्ट यार्ड.
सगळ्या स्टेडियमनं पाहिलेली त्याची पाठ.
लिहिलं: अर्धं पाऊल उशीर. वय. सोडा.

दुपारी तोच दारात.
हातात कचऱ्याची काळी पिशवी, तिच्यात अख्खा लॉकर:
बूट, क्रेयॉनचं चुरगळलेलं चित्र, तीन डिओडरंट.
"प्रोफेसर, अकरावा आठवडा लावतेस?"
मला वाटलं होतं, झेललेला तो एक चेंडू मागेल,
घरी दाखवायला.

उभ्या उभ्याच पाहिलं त्यानं. चार वेळा.
"कमरेकडे बघ," म्हणाला,
"डोळे थापा मारतात, खांदे मारतात. कंबर नाही मारत."
मला वाटलं, त्या रिसीव्हरबद्दल बोलतोय.
पाचव्यांदा बोट ठेवलं ते स्वतःच्या कमरेवर:
"अर्धं पाऊल लवकर वळलो."

लवकर.
का, ते सांगितलं नाही.
पिशवी खांद्यावर टाकली आणि जिना चढला,
एकेक पायरी, दर पायरीला
उजवा पाय आधी.

नंतर मी चौकट मोठी केली.
वरच्या कोपऱ्यात, जिथे कुणी बघत नाही,
लेआवासा. शेवटची कडी, भलत्याच दाराला.
आतल्या हुलकावणीमागे धावत सुटलेला.
मागे कुणी नाही, हे ओगल्सबीला पाठीनं कळलं,
म्हणून तो वळला, दोघांचं अंतर एकट्यानं कापायला;
आणि रिसीव्हर आत शिरला, रिकाम्यात.

साडेचारलाच अंधार.
कोचचा फोन दोनदा वाजून गेला.
'उशीर' खोडून 'लवकर' लिहिलं.
'वय' तसंच ठेवलं, ते खरंच आहे.
'लगेच' काढला.
'सोडा'पुढे कर्सर लुकलुकतोय
आणि मी खुर्ची मागे मागे सरकवते आहे,
तोंड पडद्याकडेच ठेवून.