पांढरी पाच

मार्चच्या शेवटी पेटीची पांढरी पाच गेली.
भाता मारला की नुसता श्वास, सूर नाही.
हकीम मिस्त्री छावणीत राहतो, फोनवर म्हणाला,
अंकल, खोलना मत, रीड को हाथ मत लगाना,
रास्ता खुलते ही आता हूँ.

सिंगल रीडची जुनी पेटी,
आणि पांढरी एकला सा धरून चाळीस वर्षं बसलेला हात.
मुलगी पुण्याहून म्हणाली, बाबा, सा बदला की!
सा बदला.
जसं काही घराचं दार
मागच्या भिंतीतून काढायचंय.

तर पंचम गेला, एवढंच.
मग मी पंचम लागत नाही ते राग काढले.
पहाटे ललत, दिवेलागणीला मारवा,
जेवणाआधी पूरिया, दहानंतर मालकंस,
आणि झोप नाहीच आली तर सोहनी.
वीज मंडळात होतो तेव्हा आठवड्याला एकच गुरुवार मिळायचा,
विश्राम तारेच्या मेडिकलवरच्या खोलीत, नऊ ते अकरा,
मध्ये सेव-परमलची पुडी.
आता सातही वार गुरुवार,
आणि खोलीला कुलूप.

व्हिडिओवर करून पाहिलं एकदा.
माझी सम विश्रामकडे अर्धी मात्रा उशिरा,
त्याची माझ्याकडे त्याहून उशिरा,
पोरवालजी बासरी ओठांना लावून नुसते हसत बसले,
भिया, अपन तीनों अलग-अलग शहर में बैठे हैं.
तिघंही रामबागेत. दोन गल्ल्यांच्या आत.

मग विश्रामने एकताल पाठवला, अकरा मिनिटांचा,
दुकान बंद करून, दारातच कपडे भिजवून, आंघोळ करून वाजवलेला.
चौथ्या मिनिटाला, सातव्या मात्रेवर, त्यांच्या कुकरची शिट्टी.
तो थांबला नाही.
आता मी त्या शिट्टीच्या अंदाजाने मुखडा उचलतो.

सकाळी कचरागाडी येते, तेच गाणं,
काळी तीनच्या आसपास, कर्णा जुना म्हणून किंचित उतरलेलं.
तपासून पाहिलंय.
सायरनचे दोन सूरही शोधायला बसलो होतो,
पहिला सापडला,
मग पेटी बंद केली.

सुहासिनी म्हणाली, हल्ली सगळं रडकंच का हो वाजतं?
यमन वाजवा की.
वाजवला. प आला तिथे पेटीने श्वास टाकला,
आणि स्वयंपाकघरातून, पोळी लाटता लाटता,
ती म्हणाली, "प".
लग्नाला एकतीस वर्षं, कधी गुणगुणली नव्हती.
थोडा उतरलेला होता. मी काही बोललो नाही.
पुढे आठ-दहा दिवस यमनच चालला.

मेमध्ये पोरवालजींचा मुलगा फाटकाशी आला.
डोक्याचे केस नुकतेच काढलेले, मास्क,
हातात कापडी पिशवी. म्हणाला,
काका, सात आहेत. कोणती कोणत्या सुराची, मला कळत नाही.
पापांना सगळ्या ओळखू यायच्या.
लिहून ठेवायचंय.

मी ओट्यावर पेटी घेऊन बसलो, तो फाटकापलीकडे.
वरची तीन भोकं दाब, म्हटलं, आणि हळू फुंक.
त्याने मास्क खाली केला. आधी नुसती हवा,
मग कर्कश, मग कसाबसा एक सूर.
मी बोटाने शोधायचा, तो चिकटपट्टीवर लिहायचा.
काळी एक. पांढरी तीन. पांढरी चार.
एक मधूनच तडकलेली, तिचा सूर हलत होता,
तिच्यावर नुसतं प्रश्नचिन्ह.

सातवी त्याला नीट वाजली.
लांब धरली त्याने, दम पुरेपर्यंत.
मी पांढरी चार दाबली, नाही.
काळी चार, नाही.
मधल्या पट्टीवर बोट ठेवलं, भाता मारला,
पेटीने श्वास टाकला.

आतून लाटण्याचा आवाज थांबला होता.
सुहासिनी काही म्हणाली नाही.

लिही, म्हटलं,
पांढरी पाच.