कापायचे सहा, जोडायचे अठरा

नाव तलाठी.
कामाच्या वेळी कधीच जागेवर नसायचा,
म्हणून पोट्ट्यांनी ठेवलेलं.
एकदा खरा तलाठी
बायकोचं माप होईस्तोवर ओट्यावर टेकला होता.
मी आतून ओरडले, "तलाठ्या, ऊठ तिथून!"
दोघंही उठले.

वाळूच्या टिप्परनं त्याचा मागचा पाय नेला.
नेला म्हणजे, लोंबत ठेवला.
फाट्यावरच्या पानठेल्यापासून घरापर्यंत
तो उरलेल्या तिघांवर आला,
कुंईही केलं नाही,
मशीनखाली चिंध्या पडतात
तिथं जाऊन बसला.

सरकारी दवाखान्याच्या रजिस्टरात रकाने होते
गाय, बैल, म्हैस, शेळी, कोंबडी.
कंपाउंडरनं पेन हवेत फिरवला
आणि त्याला 'इतर'मध्ये घातलं.
नाव ऐकून हसला,
पाय पाहून हसायचा राहिला.
"सुई देतो, मलम देतो. हाडाचं इथं नाही होत, ताई.
वर्ध्याले न्या."

इसराईलभाईनं ऑटोचे सहाशे सांगितले,
उतरल्यावर चारशेच घेतले.

वर्ध्याच्या दवाखान्यात काचेचं दार, गार हवा,
शेजारच्या खुर्चीत मांडीवर पांढरं झुबकेदार पिल्लू घेतलेली बाई.
"तुमचा कोणत्या जातीचा?"
"फाट्यावरचा," मी म्हटलं.

फोटोचे आठशे.
काळ्या फिल्मवर हाड दिसलं,
काखेत उसवावं तसं.
डॉक्टर हळू आवाजात म्हणाले,
"प्लेट टाकून जोडायचे अठरा हजार.
कापायचा म्हटलं तर सहात होईल."

मी पुन्हा विचारलं.
वाटलं उलटं ऐकलं.
आमच्या धंद्यात कापायचे कोणी देत नाही हो,
कात्री फुकटच चालते,
मजुरी सगळी जोडायची.

अस्तराचा ब्लाउज एकशे ऐंशी.
शंभर ब्लाउज, तर चार पाय.
चौतीस ब्लाउज, तर तीन.
आणि लग्नसराई मागच्याच आठवड्यात संपलेली.

जावेचा फोन आला.
"काऊन वो, येवढ्यात दोन शेळ्या येतात न!"
"येतात," म्हटलं,
आणि फोन पदरात गुंडाळून ठेवला.

डॉक्टर वाईट नव्हते.
तपासणीचे दोनशे त्यांनी आपणहून खोडले.
ती खोडलेली रेघच मला जास्त लागली.

कागदावर लिहिलं होतं, 'मालकाची सही'.
मी याची मालक कधी झाले?
पोळीचा तुकडा टाकला होता एका दुपारी,
तोही करपलेला.
सही केली.
सहाच्या खाली.

आता दाराच्या मागं खडूच्या रेघा आहेत,
एका ब्लाउजची एक.
एकवीस झाल्या.
लोक म्हणतात, वाचला न, बस झालं.
बसच झालं.
तो पळतोही, थोडा तिरपा,
टिप्परचा आवाज आला की घरात शिरतो,
आता हाक मारली की जागेवर सापडतो,
ते मला आवडत नाही.

परवा पानठेल्यावर कोणी म्हणालं, "लंगडा तलाठी."
सगळे हसले, मीही हसले,
पण पुऱ्या रस्त्यानं डोक्यात एकच,
बारा हजारानं लंगडा.
बारा हजार.
तेवढीच जागा आहे ती, मागं उजवीकडं,
जिथून आता सरळ आरपार दिसतं.

रात्री मी पायडल मारते,
तो खाली चिंध्यांत झोपतो.
मध्येच त्याच्या उजव्या कानाला खाज सुटते,
आणि तो उरलेला खुंट
हवेत भराभरा हलू लागतो,
खाजवतो,
कुठंच न पोचणारं.
डोळे मिटून, मान वाकडी करून,
पोचतंय असं समजून.

मी चाकावर हात ठेवते.
वाकते. कान खाजवून देते.
खुंट बराच वेळ हलत राहतो.
भोयरीणबाईचा ब्लाउज
उद्यावर जातो.