मुक्काम दिवाडी, मानशीजवळ

ही व्हॅन आधी शाळेची होती.
निळा रंग मारला, दोन हात मारले,
तरी दमट दिवसांत मागच्या बाजूला
आतून वर येतात पिवळी अक्षरं :
मुले उतरत आहेत.
उतरते मी, गुडघ्यावर हात टेकून,
आणि माझ्यामागून दोन मांजरं.

कवडी आणि रावसाहेब.
कवडीला पहिल्या गिअरलाच मळमळतं.
रावसाहेब पुढच्या काचेला पोट लावून झोपतो;
समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला
आधी ते पोट दिसतं, मग मी.

इचलकरंजीचा फ्लॅट विकला तेव्हा भाऊ म्हणाला,
कुंदे, मांजर घराचं असतं, माणसाचं नसतं.
घरच पळायला लागलं तर ते कुणाचं?
मी म्हटलं, बघू.
बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
याचा आवाज त्याला जोडून दिला,
एवढं बघू म्हणायचा मला हक्क आहे.

जुन्या गोव्याहून फेरीबोटीत गाडी चढवली.
मागे, अजून मागे, बस्स, असं हातानं सांगत
खलाशानं काचेतून वाकून पाहिलं :
"भितर कोण?"
म्हटलं, घरचीच.
रावसाहेबानं जांभई दिली.

बांधाच्या कडेला जागा मिळाली, मानशीजवळ.
मानस म्हणजे खाजनाचं लाकडी दार,
भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं,
त्याला कुणी उठून कडी लावावी लागत नाही.
रात्री पुरुषमाणसं तिथे जाळं लावतात.
सुंगटांचा वास खिडकीच्या जाळीतून आत,
कवडीचं नाक त्याच जाळीतून बाहेर.
तिसऱ्या रात्री जाळीचा कोपरा उसवलेला,
गादीवर तिच्या आकाराचा खळगा, गार.

चार दिवस वाटीवर चमचा वाजवत फिरले.
पोदेर भोंपू वाजवत यायचा, मी चमचा,
दोघांकडे कुत्रीच धावायची.
दुकानातली एस्पेरान्स म्हणाली,
"येतलें गो. भूक हाडटली ताका."
पण भूक कशाची, इथे चिखलातसुद्धा मासे.

पाचव्या दिवशी ट्रॅक्टरला वाट हवी होती,
म्हणून व्हॅन चाळीस पावलं पुढे घेतली,
भेंडीच्या झाडाखाली.
रात्री टॉर्च मारला आणि दिसली.

व्हॅन जिथे होती तिथे
गवताचा पिवळा पडलेला लांबट चौकोन,
चार चाकांचे दाब, इंजिनाच्या तेलाचा डाग.
त्या चौकोनात, बरोबर आत,
कवडी बसली होती,
पायरी जिथे असते तिकडे पाठ करून,
म्हणजे घरात येऊन बसावं तशी.

चाळीस पावलांवर व्हॅन उभी.
तिला दिसत होती. रावसाहेबाचं पोटही दिसत असणार.
ती बघतही नव्हती तिकडे.

हाक मारणार होते. नाही मारली.
चप्पल चौकोनाबाहेर काढली, का कुणास ठाऊक,
आणि माझा बिछाना असतो त्या बाजूला
गवतावर आडवी झाले.
शेगडी असते तिथे एक बेडूक होता.
छप्पर नव्हतं म्हणून फार उंच वाटत होतं.
गॅसच्या फॉर्मवर कायमचा पत्ता या रकान्यात
मी गेल्या महिन्यात रेघ मारून दिली होती,
ते आठवलं, आणि खालून ओल लागायला लागली.
मग ओहोटी झाली असावी,
मानस करकरली,
पाणी आपलं आपण निघून गेलं.

सकाळी व्हॅन उलटी घेतली, इंचाइंचानं,
आरशात तो चौकोन धरून.
ट्रॅक्टरवाला तोवर मागे येऊन ठेपला, हॉर्नवर हॉर्न.
पाच मिनिटं, मी ओरडले, घर लागतंय!
बोट लागते तसं.
कवडी हलली नाही.
चाकं आपापल्या खाचांत बसली, व्हॅन तिच्यावरून आली,
आणि मग ती खालून निघाली,
पायरी चढली,
वाटी हुंगली, रिकामी होती,
वळून माझ्याकडे पाहिलं.